अळूखालचा जोड

माझे वडील पाईप फिटर होते. सोनईच्या आसपास ज्या विहिरींवरची मोट जाऊन इंजिन आलं, त्यातल्या निम्म्या विहिरींचे पाईप आबांनी बसवलेले. हे मी आज छातीठोकपणे सांगते, पण लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मला ते सांगायची सोय नव्हती. भिंगारला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं की व्याह्यांचा इंजिनांचा व्यापार आहे. व्यापार कसला डोंबलाचा. आबांच्या नखांतलं ग्रीस दिवाळीच्या उटण्यानंसुद्धा निघायचं नाही.

आबा वर्षातून दोनदा घरचा नळ उघडून बसायचे. शिमगा झाला की नळाला उन्हाळा बांधायचा, आणि मृगाच्या आधी तो सोडून पावसाळा बांधायचा. हे शब्द त्यांचेच, दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ऐकले नाहीत. पावसात लोखंड गंजतं हे सगळ्यांना दिसतं, म्हणून पावसाळ्याची तयारी सगळे करतात. ऊन काय करतं ते कुणी बघत नाही. तोटीच्या आत चामड्याची चकती असते, तिला आम्ही वायसर म्हणायचो, ती वाळून आक्रसते. पाईपांच्या जोडात आट्यांवर ताग गुंडाळलेला असतो, तो सुकतो. पाईप पाण्यानं भरलेला राहिला तर फारसं बिघडत नाही, रिकामा राहिला की मात्र सगळं मोकळं होतं. आबा जुन्या मोटेच्या चामड्याच्या चकत्या कापून एरंडेलात बुडवून ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘वीस वरसं पानी प्यालेलं चामडं हाय ह्ये. ह्याला उनाचं काय?’’

मला दोन भाऊ होते, पण दोघांनाही धीर नव्हता, आणि ताग गुंडाळायला धीर लागतो. म्हणून आबांच्या हाताखाली मी बसायचे. ‘‘आट्याच्या वाटंनं गुंडाळ पोरी. उलटं गुंडाळशील तर पानी तुला इचारनार बी न्हाई,’’ हे मी इतक्या वेळा ऐकलं की आजही वेणी घालताना आठवतं. लग्नात आबांनी माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, एक लहान पाईपपाना आणि एरंडेलातल्या चकत्यांचा डबा ठेवला. ‘‘लागंल,’’ एवढंच म्हणाले. तीन वर्षं तो पाना ट्रंकेतच राहिला. खणाच्या कापडात गुंडाळलेला.

आता मामंजींचं सांगते. लष्कराच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. अक्षर मोत्यासारखं, कोटाला रोज इस्त्री, आणि दिलेल्या शब्दाला जिवापाड जपणारे. माणूस वाईट मुळीच नव्हते. फक्त त्यांना सगळं येतं अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांच्या मिजाशीचं मूळ परसात होतं. लष्करी भंगाराच्या लिलावातून त्यांनी एक मोठी लोखंडी टाकी आणली होती, रिबेटा मारलेली, दगडी चौथऱ्यावर चढवलेली. रस्त्याच्या नळाचं पाणी सकाळी तिच्यात चढायचं, आणि तिच्या बुडातून निघालेला पाईप चौथऱ्यावरून खाली उतरून, वळून, पश्चिमेच्या भिंतीवरून मोरीत आणि न्हाणीत जायचा. आळीत अशी टाकी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पाहुणा आला की चहाच्या आधी टाकी बघावी लागे.

दरवर्षी दिवाळीच्या आधी मामंजी स्वतः डांबर आणून टाकी, पाईप, जोड, तोट्यांच्या मानासुद्धा काळ्याकुळकुळीत करायचे. कुठे पाणी झिरपलं तर तिथे आणखी एक थर. थंडीत डांबर घट्ट बसतं, झिरपणं थांबतं, मामंजी खूष. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच मनात म्हटलं, हे डांबर उन्हाळ्यात वितळणार. पण नव्या सुनेनं सासऱ्याच्या डांबराला नावं ठेवायची म्हणजे काय, हे तुम्हीच समजून घ्या.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. माझी नणंद जामखेडला दिलेली, आणि जामखेडकडे तर त्या वर्षी विहिरींचे तळ उघडे पडले होते. ती पहिलटकरीण. बाळंतपण चैत्रात. तिच्या सासरची माणसं काळजीत पडली की बाळंतिणीला, बाळाला पाणी कुठून आणायचं. मामंजींनी त्यांना पत्र लिहिलं की मुलीला पाठवून द्या, पाण्याची चिंता करू नका, आमच्याकडे टाकी आहे. तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, सकाळी पाऊण तास. टाकी भरली तर चार दिवस पुरायची. वन्सं आठव्या महिन्यात आल्या, आणि घरात सगळ्यांनी पाण्याचे तांबे मोजायला सुरुवात केली.

शिमग्यानंतर मी हळूच विषय काढला. म्हटलं, ‘‘मामंजी, यंदा पाणी यायच्या आधीच टाकी तळाला जाते, पाईप रिकामा पडतो. उन्हाच्या आधी जोड बघून घेतले तर बरं.’’

‘‘डांबर लावलंय मी,’’ ते म्हणाले. ‘‘बारा महिने बघायला नको.’’

संपलं.  माझा स्वभाव गप्प बसायचा नाही, पण बसले.

पाडवा झाला आणि टाकी तिसऱ्या दिवशीच कोरडी पडायला लागली. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. शेवटचे दोन दिवस ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डेपोतून आल्यावर सायकलला दोन घागरी अडकवून कुठे कुठे हिंडावं लागे, आणि कधी कधी एकच भरून मिळे. एवढ्या पाण्यात स्वयंपाक होईल, बाळंतपण होणार नाही. सुईण येऊन वन्संना तपासून गेली आणि म्हणाली, आठ दिवस धरा, आणि गरम पाणी भरपूर लागंल बरं का. मामंजी ऐकत होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. घाबरले होते.

घाबरलेला माणूस दुसऱ्यावर घसरतो. संध्याकाळी जेवताना मामंजी कुणाकडेच न बघता म्हणाले, ‘‘घरात कुणाचा तरी हात सैल आहे.’’ घरात भांडी घासणारी मी, कपडे धुणारी मी. कुणाचा हात ते वेगळं सांगायला नको होतं.  मी तीन दिवस एका बादलीत अंघोळ, धुणं आणि पोतेरं उरकत होते, आणि माझाच हात सैल. अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू अळू मागायला आल्या. हे अळू आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. चौथऱ्याच्या पायथ्याशी, टाकीच्या पाईपाभोवती लावलेलं. सगळ्या आळीत तुळशीसुद्धा वाळल्या होत्या आणि आमच्या अळूची पानं सुपाएवढी. बायका बघायला यायच्या. आत्याबाईंचा हातगुणच तसा, असं सगळे म्हणायचे, आणि आत्याबाई पदर सावरत म्हणायच्या, ‘‘मी काही करत नाही हो, आपोआप येतं.’’ वन्संना अळूवड्यांचे डोहाळे लागले होते, त्यामुळे तर त्या अळूचं कौतुक आणखीनच वाढलेलं. मीसुद्धा महिनाभर त्याच्या वड्या केल्या. मी, आबांची मुलगी, रोज ती पानं खुडत होते आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

त्या सकाळी काकूंना पानं काढून देताना माझा हात देठाखाली मातीत गेला. माती गार होती. नुसती ओली नाही, चिखल. मोरीचं पाणी आम्ही आठवड्याभरापासून पोतेऱ्यालाच वापरत होतो, इकडे एक थेंब सोडला नव्हता. मी पानं बाजूला सारली आणि पाहिलं. पाईप चौथऱ्यावरून उतरून जिथे वळतो, तो कोपऱ्याचा जोड बरोबर अळूच्या बुंध्यात. त्यावरचं डांबर उन्हानं वितळून ओघळलं होतं आणि आट्यांतून पाणी झिरपत आलं होतं. बारीकच, पण टाकीत पाणी असेपर्यंत रात्रंदिवस. आमची टाकी अळू पीत होतं.

आत्याबाई मागेच उभ्या होत्या. मी बाजूला झाले. त्या वाकल्या, मातीत बोटं घातली, जोडाला हात लावला.  मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे महिनाभर मी आळीला माझ्या लेकीचं पाणी वाटत होते.’’ 

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी यायचं होतं. त्याच्या आत जोड झाला नाही तर आणखी चार दिवस गेले, आणि वन्संचे दिवस भरत आलेले. मामंजी कोट चढवून फिटर आणायला कॅम्पात गेले. जे फिटर होते ते सगळे दुष्काळी कामावर, टँकरच्या पाईपलाइनीवर. एक जण भेटला, तो म्हणाला आठ दिवसांनी येतो. मामंजी बाराच्या उन्हात घरी आले आणि ओसरीवर बसले. कोटसुद्धा काढला नाही.

मी ट्रंक उघडली. पाना घेऊन ओसरीवर आले आणि म्हटलं, ‘‘मी करते.’’

त्यांनी पान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘काय करतेस?’’

‘‘जोड. टाकी आता रिकामीच आहे. संध्याकाळपर्यंत होईल.’’

‘‘सून परसात पाना घेऊन बसली तर लोक काय म्हणतील?’’

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, ‘‘लोक म्हणतील नळवाल्याची मुलगी आहे. आहेच मी. आणि लोक येणार आहेत का वन्संना पाणी द्यायला?’’ असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, आता माझं या घरात काही खरं नाही. पण जोड करायचाच होता.

आत्याबाईंनी पदर खोचला. मी म्हटलं, अळू थोडंसं बाजूला केलं तरी चालेल. त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हातांनी एकेक गड्डा उपटला, सगळं अळू, आणि परसाच्या कोपऱ्यात ढीग घातला. दहा वर्षं जोपासलेलं. मग म्हणाल्या, ‘‘सांग, कुठं धरू?’’

लष्करी माल होता म्हणून एक गोष्ट बरी होती, पाईपाला वळणाशेजारी युनियन होता, म्हणजे मधूनच खोलता येणारा जोड. नाहीतर भिंतीपासून सगळा पाईप काढावा लागला असता. पण डांबर आट्यांत मुरून बसलेलं. रॉकेलमध्ये चिंधी भिजवून जोडाला गुंडाळली, पेटवली, डांबर मऊ झाल्यावर पाना लावला. हलेना. माझा पाना लहान. परसात पडलेला पाईपाचा तुकडा पान्याच्या दांड्यावर चढवला, लांबी वाढवली, आणि आत्याबाईंना म्हटलं, यावर भार द्या. त्यांनी दोन्ही हातांनी असा भार दिला की युनियन करकरला आणि सुटला. आम्ही दोघी चिखलात बसलो. त्या हसायला लागल्या. सासूला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

आत ताग नव्हताच. कुजून त्याचा भुसा झालेला, महिनोन्‌महिने नुसतं डांबर पाणी अडवत होतं. ह्यांना मी सकाळीच ताग आणि सफेदा, म्हणजे जोडाला लावायचा पांढरा लेप, आणायला सांगितलं होतं. त्यांनी वडिलांना न सांगता नगरला सायकल हाणून दोन्ही आणून दिलं, आणि पुन्हा ड्यूटीवर गेले. आमचे हे बोलायचे कमी, पण वेळेला उभे राहायचे. मी आटे तारेच्या ब्रशनं साफ केले, सफेदा लावला, आणि आट्यांच्या वाटेनं ताग गुंडाळला. घाई केली नाही. ऊन डोक्यावर होतं तरी घाई केली नाही. पाचदा गुंडाळून पाचदा पाहिला. मग कोपरा चढवला, युनियन आवळला, आत्याबाईंनी पुन्हा भार दिला.

तोट्या उघडून मी जुन्या चकत्या काढत होते, तेवढ्यात मामंजी परत आले. मारुतीच्या पारावर बसून आले असावेत. माझ्या हातातली चकती बघून म्हणाले, ‘‘हे काय?’’

‘‘चामडं आहे. नवीन घालते. मोटेचं, एरंडेलातलं.’’

‘‘चामडं? पिण्याच्या पाण्यात?’’

मी जुनी चकती पुढे केली. वाळून खारकेसारखी झालेली, चामड्याचीच. म्हटलं, ‘‘टाकी आणल्यापासून तुम्ही यातूनच पिताय मामंजी.’’ आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.  मामंजी मात्र गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

मग मी गोणपाट फाडून चुन्याच्या पाण्यात बुडवलं आणि भिंतीवरच्या काळ्या पाईपाला गुंडाळायला घेतलं, उन्हाचा रोख मोडायला. वरच्या टोकाला माझा हात पुरेना. मामंजींनी कोट काढून खुंटीला लावला आणि वरची सुतळी त्यांनी बांधली. गाठ हेडक्लार्कची, फायलीला बांधतात तशी. मी ती नंतर गुपचूप घट्ट केली. शेवटी सांगितलं की आजपासून टाकीतलं शेवटचं चार बोटं पाणी कुणी काढायचं नाही, काही झालं तरी. पाईप भरलेला राहिला पाहिजे. दुष्काळात टाकीत पाणी ठेवून तोटी बंद करायची, हे आत्याबाईंच्या जिवावर आलं. पण त्यांनी तोटीला राखीचा दोरा बांधून ठेवला, चार बोटांची आठवण राहावी म्हणून.

पहाटे पाणी आलं. टाकी भरत होती आणि मी जोडाखाली कोरडी राख पसरून बसले होते. थेंब पडला असता तर राखेवर दिसला असता. पाऊण तास मी त्या राखेवरून नजर काढली नाही. राख कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी कोरडी, तिसऱ्या दिवशी कोरडी. आबा तिथे असते तर त्यांनी नुसतं बोट फिरवून पाहिलं असतं आणि दुसऱ्या कामाला गेले असते. मी मात्र, खोटं कशाला बोलू, दिवसातून दहादा परसात जात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वन्संच्या पोटात कळा सुरू झाल्या. त्याच दिवशी, ज्या दिवशी एरवी टाकी कोरडी ठणठणीत असायची. सुईण आली आणि पाणी मागू लागली. घंगाळ भरलं, ते गेलं. पुन्हा भरलं. चुलीवर हंडा, हंड्यामागून हंडा. मामंजी स्वतः टाकीपासून चुलीपर्यंत बादल्या नेत होते, धोतराचा काचा मारून, आणि प्रत्येक बादलीला टाकीच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकत होते. अकराच्या सुमाराला मुलगी झाली. आत्याबाईंनी नातीला पहिली अंघोळ घातली ती भरल्या घंगाळानं. त्या दिवसांत जिल्ह्यात किती बाळांना तसं पाणी मिळालं असेल कोण जाणे. मी मोरीत तोंड फिरवून रडून घेतलं आणि पुन्हा कामाला लागले.

संध्याकाळी मी टाकी पाहिली. अजून पाव टाकी शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी मामंजी लिहायला बसले. दोन पोस्टकार्डं लिहिली आणि टाकून ये म्हणून माझ्या हातात दिली. एक जामखेडला, एक सोनईला. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल ते मला काही बोलले नव्हते, मीही काही बोलले नव्हते. टपालाच्या पेटीपाशी जाऊन मी सोनईचं कार्ड वाचलं. पत्त्यात आबांच्या नावापुढे ‘पाईप फिटर’ असं ठळक अक्षरात. मजकूर चारच ओळींचा. ‘मुलीस कन्यारत्न झाले. दोघी सुखरूप. पाणी पुरले. ते आपल्या लेकीने पुरवले, आपण शिकविलेल्या कामाने. मी तिला अडवीत होतो.’

आबांना वाचता येत नसे. सोनईला पोस्टमन चावडीसमोर उभा राहून त्यांचं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायचा, जमलेल्या सगळ्यांच्या देखत. मामंजींना हे माहीत होतं.